हात वर करायचा हक्क

चष्मेवाले भित्रे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना उगाच शूरवीर समजाल. रस्त्यात कुत्रं दिसलं की ते पलीकडच्या बाजूने जायचे. लिफ्टमध्ये एकटे चढायचे नाहीत. सरकारी पाकीट आलं की फोडायला मुलाला बोलवायचे आणि स्वतः पडद्याआड जाऊन उभे राहायचे. निवांत असायचे ते फक्त दुकानाच्या मागच्या भागात, काच घासायच्या चाकासमोर. पाण्याची बारीक धार, पांढरी पावडर, बोटांना कळणारी काचेची कड. पणजोबांपासूनचा धंदा. पुढच्या चिंचोळ्या भागात दोन्ही भिंतींना आरसे होते, आणि तिथे त्यांचा मुलगा अक्षरांच्या पाटीसमोर गिऱ्हाइकांना बसवून डोळे तपासायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आणि दुकानात बाप-लेक दोघंच.

असा हा माणूस शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी यहुद्यांच्या प्रार्थनाघरात मात्र वेगळाच व्हायचा. कारण चष्मेवाले याजक, म्हणजे पुरोहित, होते. मोशेचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशातले. यहुद्यांचं मंदिर पडून शतकं लोटली, वेदी नाही, यज्ञ नाहीत, पण याजकाकडे एक काम अजून उरलेलं आहे. सगळ्यांसमोर उभं राहायचं, शाल डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची, दोन्ही हात वर करायचे आणि देवाचं नाव घेऊन लोकांना आशीर्वाद द्यायचा. त्या वेळी सगळे माना खाली घालतात. याजकाच्या हातांकडे बघितलं तर नजर मंदावते म्हणतात. आधी याजकाच्या हातांवर पाणी घालायचं काम लेवी वंशातल्या माणसाचं. इथे तो मान बूटवाल्याकडे होता, आणि तो दर वेळी तोच विनोद करायचा, की बघू द्या हो लोकांना, तुमचंच गिऱ्हाईक वाढेल. चष्मेवालेही दर वेळी हसायचे. तेवढा वेळ त्यांना कशाचीच भीती वाटायची नाही.

आता हे याजकपण शिकून मिळत नाही की मागून मिळत नाही. यहुदी असणं आईकडून येतं, पण याजकपण येतं ते बापाकडून, त्याला त्याच्या बापाकडून, असं थेट अहरोनापर्यंत. म्हणून चष्मेवाल्यांचा जीव होता तो शास्त्रातल्या वंशावळींवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी पानंच्या पानं. त्या भागाचं वाचन आलं की निम्मे लोक डुलक्या काढायचे आणि चष्मेवाले ताठ बसायचे. कुणी चेष्टा केली तर समजावून सांगायचे. ज्यांचं राज्य गेलं, मंदिर जळलं, ज्यांना परमुलखात हाकलून नेलं, ते लोक परत आले तेव्हा त्यांच्याजवळ होतं काय? नावं होती. देवाने वचन दिलं पणजोबाच्या पणजोबाला, आणि ते पोचायचं होतं नातवाच्या नातवाला. जमीन कुणी कसायची, राजा कोणत्या घरातून यायचा, वेदीजवळ कुणी जायचं, सगळं त्या नावांवर. मधलं एक नाव गळलं तर वचन कुणाच्या पत्त्यावर जाणार, असं ते विचारायचे.

त्यांचा सगळ्यात आवडता भाग होता परत आलेल्यांच्या यादीचा. त्यात काही याजक घराण्यांनी वंशावळीत आपली नावं शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना याजकपणातून बाजूला काढलं. त्यांतल्याच एका घराचा पूर्वज बर्जिल्लय नावाच्या बड्या माणसाचा जावई झाला होता आणि सासऱ्याचंच नाव लावू लागला होता. चष्मेवाले हे इतक्या चवीने सांगायचे की जणू शेजारच्याच घरात घडलंय. घरजावई झाला आणि याजकपण घालवून बसला, म्हणायचे, आणि हसायचे.

मुलाने लग्नाचं काढलं तेव्हा हे हसणं आटोपलं. मुलगी दवाखान्यात नर्स होती, आपल्याच लोकांतली, शांत, कामाची. चष्मा करायला म्हणून दुकानात यायची ती नंबर न बदलताही यायला लागली होती. हे बापाला सोडून सगळ्या रस्त्याला दिसत होतं. पण तिचं पहिलं लग्न मोडलेलं होतं, रीतसर घटस्फोट झालेला होता, आणि याजकाने घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करायचं नाही, असं शास्त्रच आहे. केलं तर पुढची मुलं याजक नाहीत. चष्मेवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं.

मुलगा भांडला नाही. त्याने फक्त आशीर्वादाला बापाशेजारी उभं राहणं सोडलं आणि मागच्या बाकावर बसायला लागला. माझ्या मनात ते लग्न आहे तोवर मला हात वर करायचा हक्क नाही, एवढंच म्हणाला. मग एक दिवस ती नर्स स्वतः दुकानात आली. चष्मेवाल्यांना ती काका म्हणायची. "काका, तुमच्या मनाविरुद्ध मी त्याला नेणार नाही," ती म्हणाली. त्यावर गप्प बसायचं की नाही? पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला धरबंद नसतो. चष्मेवाले काचेचा तुकडा फडक्याने पुसत म्हणाले, तू आलीस तर अहरोनापासून चालत आलेली नावं माझ्या घरात संपतील. तिने मान हलवली, आणि दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात नोकरी घेतली. महिनाअखेरीस जाणार होती. मुलगा रोज अक्षरांच्या पाटीसमोर गिऱ्हाइकांना बसवत होता आणि स्वतःच पाटीवरचं काही दिसत नसल्यासारखा उभा राहत होता.

आता आत्या. चष्मेवाल्यांची सख्खी आत्या, वय झालेली, पण जीभ शाबूत. तिच्या चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून तिने भाच्याला खोलीवर बोलावलं. खिडकीत उजेडाला बसून ते स्क्रू आवळत होते, तेवढ्यात तिने विचारलं, पोराचं लग्न मोडतोयस ते कशाच्या जिवावर? त्यांनी नेहमीचं सुरू केलं: अहरोन, आपलं घराणं, पणजोबा. तिने हाताने थांबवलं.

"तुझा आजोबा घरजावई होता, बाळा. ज्याला तू पणजोबा म्हणतोस, तो त्याचा सासरा."

स्क्रू कुठे पडला ते कळलं नाही. आत्याने सगळं सांगितलं, अगदी भाजी निवडावी तसं सावकाश. म्हातारा काच घासणारा खरोखरीचा याजक होता, पण त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी तेवढी होती. कामाला त्याने एक पोरकं पोर ठेवलं, आपल्याच लोकांतलं, पण कुणाचं ते त्या पोरालाही ठाऊक नव्हतं. ते पोर धंदा शिकलं, घरात जेवलं, त्या घराच्या नावाने हाक मारली की ओ द्यायला लागलं, आणि शेवटी जावई झालं. पुढे वस्तीत नवी माणसं आली, जुनी गेली. एका शब्बाथला म्हातारा आजारी होता आणि दुसरा याजक नव्हता. कुणीतरी या जावयालाच त्याचा मुलगा समजून हातावर पाणी घातलं. आजोबांना भीड पडली. नाही म्हणता आलं नाही, म्हणून ते वर जाऊन उभे राहिले. त्यानंतर दर शब्बाथला नाही म्हणणं आणखी अवघड होत गेलं.

म्हणजे बघा, घराण्यात भित्रेपणा मात्र खरोखरच वंशपरंपरेने आलेला होता.

हे बाबांना माहीत होतं का, असं चष्मेवाल्यांनी कसंबसं विचारलं. आत्या म्हणाली, नाही. आईने मला एकटीला सांगितलं. मुलींना सांगितलं तर चालतं, त्यांना वर उभं राहायचं नसतं, म्हणाली. मुलांना सांगितलं तर त्यांचे हात थरथरतील. मग तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, भाच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, मी हे घेऊन मरणारच होते. पण त्या पोरीला कशापायी घालवतोस?

घरी परत येताना समोरून कुत्रं आलं तरी चष्मेवाल्यांना ते दिसलं नाही, यावरून काय ते समजा. बर्जिल्लयाच्या त्या जावयाला ते इतकी वर्षं हसत आले होते. तो बिचारा तर याजक असून परक्या घरात गेला होता; इथे परकाच याजकाच्या घरात शिरला होता, आणि तिसरी पिढी त्याच्या जागेवर उभी होती. देवाचं नाव घेऊन, हात वर करून. पहिला मुलगा देवाचा मानतात, म्हणून ज्या घरांत तो झाला त्या घरांनी पैसे देऊन तो याजकाच्या हातून सोडवून घ्यायचा असतो. गावातली किती पोरं त्यांच्या हातून सोडवली गेली होती. ती पोरं आता मिशीवाले बाप झाली होती आणि शास्त्राप्रमाणे पाहिलं तर सुटलेलीच नव्हती. आपण या सगळ्यांना फसवलं, हा विचार आला की ते काच घासायचं चाक बंद करून बसायचे.

आणि देव? अहरोनाच्या स्वतःच्या मुलांनी परका अग्नी आत नेला तर ते जागच्या जागी भस्म झाले. एक राजा याजकाचं धूपपात्र हातात घेऊन मंदिरात घुसला तर त्याच्या कपाळावर कोड उठलं, तिथेच, सगळ्यांदेखत. चष्मेवाल्यांना हे पाठ होतं आणि आता तेच पाठांतर नडलं. दुकानात जिकडेतिकडे आरसे. ते दर आरशासमोर थांबायचे आणि कपाळ बघायचे. एकदा खरोखरच भुवईच्या वर पांढरा डाग दिसला. गिऱ्हाईक समोर फ्रेम लावून बसलं होतं, त्याला ते म्हणाले, तुम्ही जरा बघा, मला काही दिसतंय का कपाळावर? तो म्हणाला, पावडर आहे. त्याने रुमालाने पुसून दिली. चष्मेवाले मागे जाऊन पडद्याआड स्टुलावर बसले आणि रडले.

सांगावं तर लोक काय म्हणतील याची भीती, न सांगावं तर देवाची. मुलाच्या चेहऱ्याकडे बघावं तर तिसरीच. एक वाट सोपी होती: गप्प राहायचं. आत्या किती दिवसांची? नर्स जाईल, मुलगा आज ना उद्या सावरेल, हात वर होत राहतील. ही वाट त्यांना इतकी सोपी दिसली की तिचीही भीती वाटली.

शेवटी ते हज्जानांकडे गेले. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, गावातल्या याजकांपासून दिव्यांच्या तेलापर्यंत सगळ्याची काळजी वाहणारे. चष्मेवाल्यांनी दार लावून घेऊन सगळं सांगितलं. हज्जानांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही. एवढी वर्षं लोकांना त्या आशीर्वादाचा आधार वाटला. आता म्हातारी बाई काहीतरी बोलली म्हणून ते सगळं मोडायचं? आणि त्यांनी हळूच पुढे जोडलं, की दावीद राजाची पणजीसुद्धा परक्या मुलखातली सून होती. देव इतका काटेकोर नाही.

चष्मेवाले उठून जाणारच होते. कुणी मोठ्या माणसाने गप्प बस म्हटलं तर गप्प बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. पण वंशावळीच्या बाबतीत त्यांना चुकीचं ऐकवत नसे.

"पण ती सून लपवलेली नाही," ते म्हणाले. "सगळी हकिगत सांगितलीय तिची. वंशावळीतल्या शेशानाचंही तसंच. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या, म्हणून त्याने मिसर देशातल्या परक्या नोकराला मुलगी दिली. तेही यादीत तसंच आहे, नोकर म्हणून. कुणी त्याला शेशानाचा मुलगा केला नाही."

हे बोलताना त्यांचं त्यांनाच काहीतरी कळलं आणि ते जास्तच घाबरले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की त्या याद्या पवित्र आहेत कारण त्यांत सगळं रक्त शुद्ध आहे. तसं काही नव्हतंच. त्यांत परक्या सुना होत्या, सासऱ्याकडून मूल झालेली सून होती, एकमेकांचे वैरी झालेले भाऊ होते. पवित्र एवढ्याचसाठी, की जे जसं झालं तसं देवासमोर नाव घेऊन म्हटलेलं होतं. त्या यादीत घरजावयाला जागा होती. खोट्या मुलाला नव्हती. हज्जानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि दार उघडून दिलं. शब्बाथला मी तुमची वाट बघीन, एवढंच म्हणाले. म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याचा शेवटचा शब्बाथ आला. दुसऱ्या दिवशी नर्स जाणार होती. आशीर्वादाच्या आधी चष्मेवाले रिवाजाप्रमाणे बाहेरच्या खोलीत गेले. बूटवाला तांब्या घेऊन उभा होता, विनोद ओठांवर तयार. खाली घंगाळ ठेवलेलं होतं. चष्मेवाल्यांनी हात पाठीमागे धरले.

"करा की हात पुढे," बूटवाला म्हणाला.

नाही, असं म्हणायला त्यांना केवढा वेळ लागला. आजोबांना जे जमलं नव्हतं ते एवढंच होतं, हातावर पाणी पडायच्या आधी नाही म्हणायचं. त्यांनी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की बूटवाल्याने तांब्या तसाच धरून ठेवला आणि पुन्हा विचारलं. मग ते कोरड्या हातांनी आत आले. प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नसतं. सगळ्यांच्या माना सवयीने खाली गेलेल्या होत्या, त्यांचे चेहरे दिसत नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना बोलता आलं. मी याजक नाही, ते म्हणाले. माझा आजोबा पोरका होता. तो याजकाच्या घरी काच घासायला राहिला आणि त्याच्या मुलीशी लग्न केलं. मी त्याचा नातू. ज्यांची पोरं माझ्या हातून सोडवली त्यांनी मला क्षमा करावी.

माना एकेक करून वर आल्या. कुजबुज मागून पुढे सरकत आली आणि ती स्पष्ट ऐकू येत होती: मुलाच्या लग्नासाठी. पोरासाठी काय काय करतो बघा माणूस. याजकपणसुद्धा सोडतो म्हणे. लोक चिडतील, हाकलतील, थुंकतील, हे सगळं चष्मेवाल्यांनी मनात शंभरदा भोगून ठेवलं होतं. लोकांना हे खोटं वाटेल, हे मात्र त्यांना सुचलंच नव्हतं. हज्जानांनी घसा खाकरला आणि याजक हजर नसला की करतात तसा तो आशीर्वाद स्वतः प्रार्थना म्हणून वाचायला घेतला. मुलगा मागच्या बाकावरून उठून बापाजवळ आला. तो पांढराफटक पडला होता.

"बाबा, हे खरं आहे?"

त्यांनी मान हलवली. मुलाने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की खरं असलं तरी ती माझ्या सांगण्याने ऐकणार नाही. तुमच्या मनाविरुद्ध येणार नाही म्हणालीय. तुम्हीच जा.

प्रार्थना संपल्यावर ते निघाले. दवाखाना लांब नव्हता, पण ते लांबच्या रस्त्याने गेले. देवासमोर बोलून झालं होतं, लोकांसमोर झालं होतं, आणि आता एका पोरीसमोर बोलायचं तर धाबं दणाणलं होतं. कारण तिला त्यांनी काय म्हटलं होतं, ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. वॉर्डाच्या बाहेर औषधांचा वास, भिंतीला लावलेलं चाकांचं स्ट्रेचर, बाकावर वाट बघणारी माणसं. ती शेवटच्या दिवसाच्या कामावर होती. त्यांना बघताच हातातला ट्रे ठेवून पुढे आली. काका, काय होतंय, छातीत दुखतंय का, तिने विचारलं.

त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आत्या, आजोबा, तांब्या, सगळं, उलटसुलट. ऐकता ऐकता तिचा चेहरा मऊ झाला, आणि मग हळूहळू बंद झाला.

"काका, तुम्ही त्याच्यासाठी एवढं कराल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "पण देवाच्या घरात खोटं बोलून मांडलेला संसार मला नको. मी उद्या जाते. तुम्ही लोकांना सांगा, चूक झाली म्हणून."

आता काय करायचं? साक्षीला कोण होतं? एक म्हातारी, जिने आजवर ब्र काढला नव्हता. हज्जानांनी तर काही ऐकलंच नव्हतं. पणजोबाच्या पणजोबापर्यंतची नावं घडाघडा म्हणणाऱ्या त्या माणसाला आपल्या आजोबाच्या बापाचं नाव माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सिद्ध करायला त्यांच्याकडे जगात काहीही नव्हतं. ते काहीतरी बोलायला गेले तर दात एकमेकांवर वाजायला लागले. भिंतीला हात टेकवला तर हात भिंतीवरून घसरला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पोरी, ते कसेबसे म्हणाले, मला देवाची फार भीती वाटते गं. खोटं कसं बोलेन.

तिने त्यांचं मनगट धरलं. सवयीनेच धरलं असणार. दोन बोटं नाडीवर ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती मोजत राहिली, आणि मोजणं संपलं तरी तिने हात सोडला नाही. घड्याळावरून नजर काढून ती त्यांच्याकडे बघायला लागली. बाकावरची एक बाई सरकून बसली आणि तिने जागा करून दिली.

"इतकं घाबरून कुणी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. तिचाही आवाज आता धड नव्हता. "बाबा, आधी खाली बसा."